रविवारची रंगीत तालीम

दि. ३ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

हे मी फोनवर विचारलं असतं तर तू आधी किंचाळली असतीस, मग खो खो हसली असतीस आणि शेवटी मुद्द्याचं काही न बोलता फोन जावईबापूंच्या हातात दिला असतास. म्हणून पत्र. उत्तरही पत्रानंच हवं. पत्र दोनदा वाचता येतं आणि न पटलेल्या वाक्याखाली रेघ मारता येते.

आता नीट बसून वाच. आमच्या शाळेसमोरच्या पादचारी पुलाला तडे गेले होते, त्याची तपासणी करायला एक गृहस्थ आले. पूल तपासणं हाच त्यांचा व्यवसाय. शाळेच्या कार्यालयात बसून ते नकाशे बघत, आणि मुख्याध्यापिका या नात्यानं त्यांना चहा विचारणं माझ्याकडे आलं. पूल दुरुस्त झाला, मुलं जा-ये करू लागली, तरी गृहस्थांची तपासणी काही संपेना. दर आठवड्याला त्यांचं काहीतरी बघायचं राहून गेलेलं असे. आता मीही काही दूधखुळी नाही. पण चहा मात्र पाठवत राहिले.

गेल्या शुक्रवारी त्यांनी सरळ विचारलं. त्यांना परदेशात, तुमच्या शहरासारख्याच एका अवाढव्य शहरात, तीन वर्षांचं काम मिळालंय. मेअखेर निघायचंय. मी लग्न करून बरोबर यावं अशी त्यांची इच्छा आहे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. स्वयंपाक येतो, बटणं लावता येतात, तेव्हा आपल्याला सांभाळायला कुणी नकोय, सोबत हवीय, असं म्हणाले. पन्नाशीला टेकलेल्या बाईला असं कुणी विचारावं आणि तिला हसू येऊ नये, याचंच मला आश्चर्य वाटतंय.

बरोबर कोण येणार हे त्यांना एप्रिलच्या मध्यापर्यंत कार्यालयाला कळवायचंय. म्हणजे माझ्याकडे वेळ थोडा आहे.

नोकरी सोडायची तयारी आहे. भाषा शिकेन, थंडी सोसेन. सोमवार ते शनिवार मी जगाच्या पाठीवर कुठंही निभावून नेईन. मला भीती वाटते ती रविवारची. आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तेव्हापासून माझा रविवार म्हणजे तुझे केस धुणं, तुझ्या गणवेशाला इस्त्री करणं, तू सासरी गेल्यावर शाळेचं राहिलेलं काम. नुसता रविवार मी कधी घालवलेलाच नाही गं. आणि तिथं ना शाळा, ना ओळखीपाळखीचं कुणी. दोन माणसं दिवसभर एकमेकांबरोबर करतात तरी काय? बाहेर कुणाला विचारलं तर वेड्यात काढतील. तुलाच विचारू शकते.

तेव्हा तुमचा एक रविवार उठल्यापासून झोपेपर्यंत लिहून कळव. मीठमसाला नको. माझं उत्तर बरंचसं त्यावर ठरणार आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. त्यांना यातलं थोडंच सांग. लोभ आहेच, तो या खेपेला चार पानं भरून दिसावा.

तुझी,
ताई


दि. १३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

किंचाळलेच. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना म्हणून. नवऱ्याला थोडंच सांगायचं तुझं फर्मान होतं, पण किंचाळल्यावर थोडं कसं सांगणार? तो तर आत्तापासूनच त्यांना पूलवाले भावोजी म्हणायला लागलाय. तू रागावशील हे माहीत आहे, तरी माझाही तोच शब्द झालाय.

मुख्याध्यापिकाबाई, घ्या आमचा रविवार.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो हे तुला माहीत आहे. दोन खोल्या, आणि मागच्या अंगणाकडे उघडणारी एक खिडकी. आठवडाभर मी औषधाच्या दुकानात उभी राहून लोकांचे खोकले, कंबरा आणि पित्तं ऐकते. हा आठवडाभर त्याच्या कारखान्यात एकटा बसून मेणाचे आणि प्लास्टरचे जबडे करतो, लोकांच्या कवळ्या घडवतो. मला ऐकून ऐकून कंटाळा आलेला, याला न बोलून न बोलून. अशी दोन माणसं रविवारी एका बिछान्यात जागी होतात. घड्याळ आम्ही पालथं घालून ठेवतो.

चहा तो करतो. मग अंडी. कवळीवाल्याच्या हातचं आम्लेट बघायला यावंस एकदा, कडा अशा निगुतीनं दुमडतो की कुणाच्या तोंडात बसवायचंय असं वाटावं. खाऊन झालं की तो दोघांचे बूट पुसतो. माझे आधी. लग्न झाल्यापासून एकदाही त्यानं आपले आधी पुसलेले नाहीत, आणि हे मी त्याला कधी बोलून दाखवलेलं नाही. तूही दाखवू नकोस, फुशारून जाईल.

मग आमचा नियम. कोपऱ्यावरच्या थांब्यावर जायचं, जी बस पहिली येईल तिच्यात चढायचं. नंबर बघायचा नाही, पाटी वाचायची नाही. दोघांपैकी एकानं उतरू या म्हटलं की उतरायचं, दुसऱ्यानं का म्हणून विचारायचं नाही. नवीन आलो तेव्हा या शहराला मी इतकी बिचकत होते की घर ते दुकान याच्यापलीकडे पाऊल टाकत नव्हते. हा नियम त्यानं काढला. म्हणाला, हरवायचंच आहे असं ठरवून निघालं की हरवल्याची भीती राहत नाही. त्याच्या डोक्यातून असं काही निघालं की मी बघतच राहते. या नियमानं आम्ही काय काय पाहिलं सांगू? एका गल्लीत दोन्ही बाजूंना नुसती बटणांची दुकानं. एक कालवा, त्यात लोक होड्यांमध्ये संसार थाटून राहतात, छपरावर टोमॅटो लावतात. आणि सगळीकडे म्हातारी जोडपी, रविवारचे चांगले कपडे घालून, हातात हात अडकवून सावकाश चाललेली. कुणाला कुठं पोचायचंच नसतं. मला हे शहर आवडतं ताई. फार मोठं आहे, पण उगाच अंगावर येत नाही.

गेल्या रविवारी बसनं आम्हांला एका टेकडीवरच्या बागेत नेलं. खाली सगळं शहर पसरलेलं. तिथल्या बाकावर आम्ही जवळजवळ दीड तास बसलो आणि दोघांनी मिळून एक अक्षर काढलं नाही. नुसतं बसायचं, समोर बघायचं. इतका वेळ न बोलता कुणाशेजारी बसता येणं हीसुद्धा एक चैनच आहे. मग तो उठून टपरीवरून गरम सूप घेऊन आला, एकच पेला, दोघांत. परत चालतच आलो. संध्याकाळी त्यानं इथल्या भाषेतलं वर्तमानपत्र मोठ्यांदा वाचून दाखवलं, सगळे उच्चार चुकीचे, पण आवेश मंत्र्याचा. हसून हसून माझं पोट दुखलं. पांघरूण घेतलं आणि झोपलो. संपला रविवार.

यात घाबरण्यासारखं काय आहे सांग बरं? हो म्हणून टाक. माझे केस धुण्यात तुझी बारा-चौदा वर्षं गेली, आता कुणीतरी तुझे बूट पुसावेत असं मला मनापासून वाटतं.

पूलवाल्या भावोजींना नमस्कार सांगायची अजून सोय नाही, म्हणून राखून ठेवते. तुझा माझ्यावरचा जीव असाच राहू दे, बाकी मला काही नको.

तुझी,
छोटी


दि. २५ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. छान लिहिलंयस. शुद्धलेखन सुधारलंय.

करून बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही ही माझी सवय तुला ठाऊक आहे. शाळेत नवा उपक्रम घेताना आपण आधी एका वर्गावर करून पाहतो. तसंच मी ठरवलं, एक रविवार करून पाहायचा. तुझ्या पत्रावरून कागदावर तास आखले. पहिला तास चहा आणि अंडी, दुसरा बूट, तिसरा बस, चौथा बाक आणि शांतता, पाचवा सूप, सहावा पायी परत, सातवा वर्तमानपत्र. गृहस्थांना फक्त सकाळी घरी या आणि पूर्ण दिवस मोकळा ठेवा, एवढंच कळवलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधीच हजर.

चहा त्यांनी केला, चांगला केला. आम्लेट मोडलं, पण मोडलेलं त्यांनी स्वतःच्या ताटलीत घेतलं, हे मी लक्षात ठेवलंय. बुटांच्या तासाला जरा घोटाळा झाला, कारण मी चपला घालते. ते पुढं ढकललं.

मग बसचा थांबा. पहिली आलेली बस रिकामी होती. मी चढले. कंडक्टर म्हणाला, बाई, ही गाडी आगारात चाललीय, धुवायला. गृहस्थ उतरायला लागले. मी त्यांना सांगितलं की पहिली बस म्हणजे पहिली बस, आपल्या सोयीनं नियम वाकवायचा असेल तर नियम करायचाच कशाला. कंडक्टरनं त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी कंडक्टरकडे. मग ते मुकाट्यानं माझ्या शेजारी येऊन बसले. कंडक्टरनं काही म्हटलं नाही, कारण त्याची मुलगी आमच्या शाळेत आहे.

तर आम्ही आगारात पोचलो. टेकडी नाही, बाग नाही. एका भिंतीपाशी बाक होता आणि समोर माणसं नळी धरून बसगाड्या धूत होती. चौथा तास बाक आणि शांतता. मी बसले, तेही बसले. तुम्ही दीड तास बसलात, मी दोन तास धरले होते, पहिली खेप म्हणून. छोटी, मी एक अक्षर बोलले नाही. तेही बोलले नाहीत. पहिली गाडी धुऊन झाली, दुसरी झाली, तिसरी आली. चैन कधी वाटायला लागतेय याची मी वाट बघत होते. फक्त त्यांना विचारायच्या, सांगायच्या अशा कितीतरी गोष्टी मनात येऊन परत जात होत्या.

शेवटी ते उठून उभे राहिले. चेहरा उतरलेला. म्हणाले, तुमचं उत्तर नाही असेल तर ते आत्ताच सांगून टाका, असं गप्प बसून मला समजवायची तसदी घेऊ नका, मी काही लहान नाही. मी त्यांना सांगितलं की उत्तराचा इथं काही संबंध नाही, हा शांततेचा तास आहे. कसला तास, असं त्यांनी विचारलं. मग मला सगळं सांगावं लागलं, बहीण, जावईबापू, टेकडी, सूप. ते हसायला लागले ते थांबेचनात. गाड्या धुणाऱ्यानं नळ बंद करून काय झालं म्हणून विचारलं. डोळे पुसत ते म्हणाले, मला दुसऱ्या कुणाचा रविवार नकोय.

त्यांनी वाईट हेतूनं म्हटलं नसेल. पण मला ते लागलं. वर्गात कुणी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहावं आणि सगळ्यांनी हसावं तसं झालं. मी तिथूनच रिक्षा करून घरी आले. सूप, चालणं, वर्तमानपत्र, सगळं राहिलं.

तेव्हा माझा प्रश्न मिटल्यासारखाच आहे. तुम्ही दोघं त्या बाकावर सुखानं बसता, ते ज्याला जमतं त्यालाच जमतं. माझ्या हातून फार वर्षं निघून गेली. गृहस्थ चांगले आहेत, उलट जरा जास्तच चांगले आहेत, आणि म्हणूनच परक्या गावात दर रविवारी त्यांना माझ्याशेजारी असं बसवणं बरं नाही. नाही कसं सांगावं त्याचे शब्द जुळवते आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

जावईबापूंना आशीर्वाद. तुझ्या रविवारला कुणाची दृष्ट न लागो. माया आहे तशीच राहील, ती काही रविवारवर अवलंबून नाही.

तुझी,
ताई


दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

थांब. त्यांना काहीही सांगू नकोस. आधी हे वाच, मग वाटलं तर माझा कान धर.

त्या बाकावर आम्ही भांडलो होतो.

तू मीठमसाला नको म्हणाली होतीस. मी मसाला घातला नाही, पण भाजीतला खडा मात्र हळूच काढून टाकला. झालं असं की त्या दिवशी बसमध्ये आमच्या समोर एक आजीबाई बसल्या होत्या. बोलताना त्यांची कवळी टकटक वाजत होती. आमच्या या महाशयांची चुळबूळ सुरू झाली. मी त्याच्या पायावर पाय ठेवला, कोपर मारलं, डोळे वटारले. काही उपयोग नाही. भर बसमध्ये तो पुढं वाकून त्या बाईंना म्हणाला की तुमच्या खालच्या कवळीचं माप चुकलंय, ज्यानं केली त्यानं घाई केली, तोंड उघडून दाखवता का. सगळी बस आमच्याकडे बघायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मीच उतरू या म्हणाले. टेकडी वगैरे कुणाला हवी होती, मला फक्त त्या बसमधून बाहेर पडायचं होतं.

दीड तास मी त्याच्याशी बोलले नाही, कारण मला राग आला होता. तो बोलला नाही, कारण बोललो तर ही मला टेकडीवरून ढकलेल असं त्याला वाटत होतं. सूप आणलं ते समेटासाठी. एकच पेला, कारण माझ्या हातात दुसरा दिला तर मी तो ओतून देईन अशी त्याला धास्ती होती. आणि माझ्या थोर बहिणीनं शहरातल्या सगळ्या बाकांतून आगारातला बाक शोधून त्यावर आमचं भांडण दोन तास हुबेहूब करून दाखवलं. मी हसतेय आणि मला रडूही येतंय. नवरा तर म्हणतोय, भावोजी दोन तास टिकले म्हणजे आमच्यापेक्षा दणकट निघाले.

मी का लपवलं सांगते. तू हो म्हणावंस असं मला इतकं वाटत होतं की रविवार धुऊन-पुसून, घडी घालून तुझ्यापुढं ठेवला. तू माझं ऐकून बस पकडशील हे डोक्यातच आलं नाही. खरं तर यायला हवं होतं, तुला काय मी आज ओळखते?

आता खरा रविवार ऐक. कधी मजेत जातो, कधी भांडणात, कधी दोघांना सर्दी असते आणि दिवस नाक शिंकरण्यात जातो. पहिलं वर्षभर तर रविवार आला की मी न्हाणीघरात नळ सोडून रडत असे. कुणी शिकवून येत नाही हे, ताई. तुला जमत नाही असं तू म्हणतेस, पण दोन तास तुझ्या मनात त्यांना सांगायच्या गोष्टी येत होत्या असं तूच लिहिलंयस. मी त्या वाक्याखाली रेघ मारलीय. आणि पहिली बस म्हणजे पहिली बस असं म्हणणारी बाई, आणि तिच्याबरोबर गुपचूप आगारात जाणारा माणूस. मला तर वाचतानाच ते आवडले.

ते आवडत नसतील तर खुशाल नाही म्हण. पण आमच्या बाकापायी नाही म्हणू नकोस. तेवढं पाप माझ्या माथी नको.

आणि हो, त्या आजीबाई याच्या कारखान्यात आल्या होत्या. नवी कवळी करून घेतली, आता टकटक नाही. तेव्हापासून हा घरात छाती काढून फिरतोय. खरं सांगायचं तर मलाही त्याचा अभिमान वाटतो, पण निदान महिनाभर तरी त्याला कळू देणार नाही.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, खडा काढला तरी मी तुझीच,
छोटी


दि. १४ एप्रिल

चि. छोटीस,
अ. उ. आ.

भांडणाची नक्कल करायला लावलीस मला, तीही आगारात, कंडक्टरच्या डोळ्यांदेखत. भेट, मग सांगते. जावईबापूंचं मात्र मला कौतुक वाटलं. ज्याचं माप चुकलंय त्याला ते तोंडावर सांगणारा माणूस मी इतकी वर्षं शाळेत शोधते आहे.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी मी कुणालाच बोलावलं नव्हतं. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे पडले होते, टेबलावर हा ढीग. सकाळी उठतेय न उठतेय तोच दार वाजलं, बघते तर गृहस्थ. त्यांना दुसऱ्या दिवशी कार्यालयाला कळवायचं होतं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आज मला वेळ नाही, संध्याकाळपर्यंत हे पेपर संपवायचे आहेत. ते बरं म्हणाले, खुर्ची खिडकीपाशी ओढली, माझं वर्तमानपत्र घेतलं आणि थोड्या वेळानं झोपून गेले. तोंड उघडं टाकून. दात स्वतःचेच आहेत, जावईबापूंना सांग. मला अवघडायला होईल असं वाटलं होतं. पण मी आपली पेपर तपासत राहिले.

उठल्यावर त्यांनी एक पेपर उचलला. पूल कमानीचा का बांधतात, असा एक प्रश्न होता. एका मुलीनं लिहिलं होतं, म्हणजे पुलाला सगळं ओझं एकट्यानं उचलावं लागत नाही. मी तिला अर्धा गुण दिला होता, कारण पुस्तकातलं उत्तर ते नव्हे. गृहस्थ भडकले. म्हणाले, तीस वर्षं मी जे काम करतोय ते या पोरीनं एका ओळीत लिहिलं आणि तुम्ही अर्धा देता. मी म्हटलं, माझ्या शाळेत गुण मी देते. ते म्हणाले, मग चुकीचे देता. चांगलीच जुंपली. ते रागानं स्वयंपाकघरात गेले आणि सगळी भांडी घासून काढली, आवाज करत. त्यांच्या पाठीमागं मी त्या मुलीचा पूर्ण गुण केला. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

जेवलो. पुन्हा पेपर. ते एकेक गठ्ठा बांधून देत होते. मधूनच काहीतरी सांगत होते, मी हूं म्हणत होते, मी काही सांगितलं की ते ऐकत होते, आणि मधले काही तास कोण बोललं, कोण नाही, ते मला आठवतच नाही. दिवेलागणीला पेपर संपले. उत्तराचं त्यांनी विचारलं नाही. दमलात, विश्रांती घ्या, एवढंच म्हणून निघाले.

आता एक गोष्ट तुला सांगते, ती तुला कधी सांगितलेली नाही. तुझं लग्न होऊन तू गेलीस त्या आठवड्यात मी रेडिओ घेतला. उठल्याबरोबर लावते. बातम्या, शेतीविषयक, बाजारभाव, काय असेल ते. ऐकायला म्हणून नाही, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. झोपताना बंद करते. रविवारी तर एक क्षण बंद नसतो. तुझा फोन आला की आवाज कमी करते, तू काळजी करशील म्हणून.

त्यांच्यामागं दार लावलं, कडी घातली आणि सवयीनं रेडिओ बंद करायला हात लावला. तो बंदच होता. सकाळपासून लावायचं मला सुचलंच नव्हतं.

मी तशीच उभी राहिले गं. मग कडी काढली आणि जिन्यात गेले. ते अजून खालच्या वळणावरच होते, भिंतीतला तडा बोटानं चाचपून बघत होते. मी वरूनच हो म्हणून सांगितलं. शाळेच्या मैदानात द्यायचा असतो तसा आवाज लागला, त्यामुळे तिन्ही मजल्यांची दारं उघडली. त्यांनी मान वर करून परत एकदा सांगा म्हटलं. मी परत सांगितलं.

मेच्या शेवटी निघतो. आमचं शहर तुमच्यापासून रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे म्हणे. चांगले बूट कुठले घ्यायचे ते कळव, मला आता लागतील.

जावईबापूंना आशीर्वाद. इतकी वर्षं सगळा जीव तुझ्या एकटीवर लावला, आता त्यात वाटेकरी आलाय. तेवढं सांभाळून घे.

तुझी,
ताई